१७ सप्टेंबरची दौड : पाऊस नडला की उकाडा?

बालाघाटी

मंडळी, यंदाची मुक्तिसंग्राम दिनाची दौड पळून आलो. स्पर्धेचं नाव देत नाही. जे पळाले त्यांना कळेलच, आणि उगीच चर्चेच्या धाग्याचा आखाडा व्हायला नको. अंबाजोगाईच्या आसपास, बालाघाटाच्या माथ्यावरचा रस्ता. १० किलोमीटर, पाच जायचं पाच यायचं. एवढ्यावर भागवा.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी दोन ओळी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली. बाकी देशानंतर तेरा महिन्यांनी आमच्याकडं झेंडा लागला. त्यामुळं या दिवशी गावोगाव झेंडावंदन असतं, आणि सुट्टीची दौड ठेवायची तर ती झेंडावंदनाच्या आत उरकावी लागते. पाहुणे तेच, मंडप तोच, पोलीसही तेच. पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

आदल्या रात्री धो धो पडून गेला होता. पहाटे उघडलं, पण पान हलत नव्हतं. सव्वासहाच्या सुमारास उजाडतं आणि तेव्हाच सोडणार होते. प्रत्यक्षात सुटायला सात वाजून गेले, कारण हिरवा झेंडा दाखवणारे आलेच नव्हते. तोवर आम्ही मंडपासमोर दाटीवाटीनं उभे, माइकवर भाषण चालू, आणि टीशर्ट पळायच्या आधीच पाठीला चिकटलेला. सुटलो तसं ढग फाटून ऊन आलं. ओल्या डांबरावरून वाफा निघत होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरलाच पोरं कडेला बसायला लागली. एक जण मैलाच्या दगडाला हात टेकून ओकत होता. वळून परत निघालो तेव्हा समोरून वारं सुटलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली.

आता जो तो म्हणतोय, "पावसानं वाट लावली." मला हे अजिबात पटत नाही. पावसानं वाचवलं. बसलेली, ओकलेली, चालत आलेली पोरं जवळजवळ सगळी पावसाआधीची. पाऊस आला तशी अंगातली आग उतरली आणि समोरून वारा असूनही पाय मोकळे झाले. पण पुढच्या वर्षी लोक रेनकोट शोधतील आणि उकाड्याचा बंदोबस्त कुणी करणार नाही, म्हणून हा धागा.

माझी पद्धत अशी, की असल्या हवेत घड्याळातला वेग बघायचाच नाही. पहिले तीन किलोमीटर शेजारच्याशी एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. वळणावर अंदाज घ्यायचा, शेवटच्या दोनात काय उरलंय ते ओतायचं. डोक्याला पुढं छज्जा असलेली टोपी घाला, डोळ्यांत पाणी जात नाही. प्लास्टिकचा रेनकोट घालून पळणारेही दिसले यंदा. त्यांना दंडवत.

तुमचं सांगा.

सोळाशेमीटर

दादा मी बी होतो. भरतीची तयारी चालूय. पोलीस भरतीला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं की २० पैकी २० मार्क. रोज पहाटे तेच पळतो, त्यामुळं सुटलं की पाय आवरतच नाहीत. आमच्या अकॅडमीची पोरं पहिल्या दोन किलोमीटरला सगळ्यात पुढं होती. शेवटाला त्यातली दोनच पुढं राहिली.

तुम्ही म्हणता दमानं घ्या. पण रोख बक्षीस पहिल्या पाचालाच हाय. मग दमानं पळून पाचात कसं यायचं ते बी सांगा राव.

बालाघाटी

@सोळाशेमीटर, प्रश्न एकदम रास्त. पाच जायचं पाच यायचं असलं की पुढची मंडळी समोरून येताना दिसतात, म्हणून मी बघत होतो. वळणाकडून पहिला आलेला पोरगा मला नंतर आठव्या किलोमीटरला चालताना भेटला. जो जिंकला तो वळणावर सहावा किंवा सातवा होता, तोंड मिटून नाकानं श्वास घेत पळत होता. तुमच्या १६०० मीटरमध्ये अंग तापेपर्यंत शर्यत संपते. दहा किलोमीटरमध्ये तापलेलं अंग घेऊन अजून अर्धा तास काढायचा असतो. बक्षीस हवं असेल त्यानंच तर दमानं घ्यायचं.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. नांदेडात आमच्याकडंही त्या दिवशी तीच हवा. खिडकीची काच आतून घामेजली होती.

पांढराकोट

बालाघाटींचं निरीक्षण बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगते. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा जवळपास पाऊण हिस्सा उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती घालवायचा मुख्य मार्ग घाम. पण नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळला तरच होतं. हवाच ओलीचिंब असेल तर घाम टपकत राहतो, वाळत नाही. म्हणजे पाणीही गेलं आणि उष्णताही आतच राहिली. दाटीवाटीत उभं राहून भाषण ऐकताना वाराही लागत नाही, म्हणजे सुटायच्या आधीच निम्मं नुकसान झालेलं. पावसाच्या सरीनं काय केलं? गार पाणी थेट कातडीवर ओतलं. शिवाय समोरचा वारा.

कुणीतरी म्हणेल की पहाटे आर्द्रता सगळ्यात जास्त असते, मग उशिरा सुटलेलं बरंच झालं की. टक्केवारी दिवस चढेल तशी उतरते हे खरं, पण हवेतली वाफ फारशी कमी होत नाही आणि वर तापमान चढतं, ऊन लागतं. त्यामुळं उजाडताच पळणं केव्हाही बरं.

कुणी धावता धावता असंबद्ध बोलायला लागला, भलत्या दिशेला वळला, झोकांड्या खायला लागला तर तो नुसता दमलाय असं समजू नका. तो उष्माघात असू शकतो. त्यात अंगाच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं. हात लावून कळत नाही, कातडी घामानं ओली आणि गारसुद्धा लागते. अशा वेळी १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी गार करा, मग हलवा. जवळ शेतातला हौद असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. हौद नसेल तर बादल्यांनी पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. नाकाशी कांदा धरून हुंगवणारे लोक मी पाहिलेत, त्यांना कृपया लांब ठेवा.

काळीमाती

डॉक्टर, कांदा हुंगवणारा आमचा चुलता असणार :)

चेष्टा सोडा. रस्त्याचं कुणीच बोललं नाही. त्या भागात सध्या उडदाची काढणी चालू आहे. वापसा नसताना, म्हणजे रान अजून ओलं असताना, ट्रॅक्टर रानात घातला की चाकाच्या नक्षीत काळी माती गच्च भरते, आणि डांबरावर आल्यावर तिचे वीतभर लांबीचे चोपडे तुकडे पडत जातात. कोरडे असतील तर ठेच लागते. वरून सर आली की साबण. पाचव्या-सहाव्या किलोमीटरला डाव्या हाताला मळणी यंत्र उभं होतं, तिथून पुढचा सगळा पट्टा तसाच. माझ्या डोळ्यांदेखत दोघं आडवे झाले.

मी काय करतो, चिखल दिसला की लांब ढांगा बंद. पाय पुढं फेकायचा नाही, अंगाखालीच टाकायचा, छोटी छोटी पावलं. उतारावर तर हमखास. आणि गतिरोधकावरचे पांढरे पट्टे! ओला रंग मातीपेक्षा वाईट. पट्ट्यांच्या मधल्या डांबरावर पाय द्या.

अनवाणी

बूट घालून घसरता, काढून पळा. आमचे लोक तुळजापूरला अनवाणी चालत जातात, कुणी घसरत नाही.

काळीमाती

@अनवाणी, चालत जातात हो. आणि रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या किती होत्या ते बघितलं का? मंडपातून दिसल्या नसतील.

गोदाकाठ

सुट्टीची दौड आणि खराब हवा म्हटलं की मला २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन आठवते. तीही सुट्टीचीच शर्यत. तिथं एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी पॅट्रियट्स डेची सुट्टी असते, त्या दिवशी पळतात. त्या वर्षी गोठवणारी थंडी, मुसळधार पाऊस, समोरून वारा. भले भले अर्ध्यात सोडून गेले. बायकांत डेस लिंडेन जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. १९७८ नंतरची बायकांतली ती सगळ्यात संथ विजयी वेळ. तिचं स्वतःचंच सुरुवातीला शर्यत सोडायचं चाललं होतं. मग एका मोठ्या धावपटूला प्रसाधनगृहात जावं लागलं तर हिनं तिच्यासाठी वेग कमी केला, आणि पुढच्या घोळक्याला गाठायला तिला मदत केली. पुरुषांत जपानचा युकी कावाउची पहिला आला. तो तेव्हा पूर्णवेळ सरकारी नोकरी सांभाळून पळायचा.

अशा दिवशी घड्याळ बघणाऱ्याची निराशाच होणार. सोळाशेमीटर भाऊ, तुमच्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. तोही आधी फौजेत भरती झाला, सियाचीन पाहिलं, राजस्थानचं वाळवंट पाहिलं, पळायला नंतर लागला. २०२० ला दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत.

पांढराकोट

बोस्टनचं उदाहरण छान आहे, पण तिथला धोका उलटा होता. तिथं अंग गारठून लोक पडले, इथं तापून. तिथल्या सूचना इथं चिकटवू नका, नाहीतर परत रेनकोट. आपल्या जवळचं उदाहरण अमेरिकेतच दुसरं आहे : अटलांटाची पीचट्री रोड रेस. ४ जुलैची सुट्टी, १० किलोमीटर, दमट उन्हाळा, १९७० पासून चालू. अशा स्पर्धांत हल्ली हवेप्रमाणे झेंडे लावतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे वेग उतरवा, काळा म्हणजे स्पर्धा बंद. त्यासाठी ऊन, वारा, ओल हे सगळं धरून मोजतात. त्या मापानं २८ अंशांच्या वर गेलं की लांब पल्ल्याची शर्यत घेऊच नये असा तिथल्या क्रीडावैद्यकवाल्यांचा जुना निकष आहे.

आपल्याकडं झेंडा एकच, हिरवा. तोही वेळेवर येत नाही.

एसटीचीखिडकी

सगळे म्हणतायत लवकर सोडा, लवकर सोडा. मी ज्या गावाहून येते तिथली पहिली एसटी तालुक्याला साडेसहाला पोचते. सव्वासहाला सोडलं असतं तर माझ्यासारख्या पाच-सहा जणी स्टँडवरच राहिल्या असत्या. पुरुष मोटारसायकलवर तिघं बसून अंधारात येतात. आम्ही कशा येणार? यंदा उशीर झाला म्हणून तर पळायला मिळालं. उकाडा मलाही लागला, पण घरी बसण्यापेक्षा बरा.

दुसरं म्हणजे टीशर्ट. आयोजकांनी पांढरे, मलमलीसारखे पातळ टीशर्ट दिले आणि नंबर त्यावरच लावायची सक्ती केली. पाऊस येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. भिजल्यावर काय होतं ते मी लिहायला नको. दोघी जणी वळणावरच ओढण्या मागवून गुंडाळून परत आल्या, एकीनं शर्यत सोडली. कपडे बदलायला शाळेची एक खोली होती, तिला कडी नव्हती. धाग्यावर एवढी चर्चा झाली, हे कुणालाच दिसलं नाही?

बालाघाटी

ताई, पटलं. वेळेचा मुद्दा तर मी एकाच बाजूनं मांडला होता. आदल्या रात्री मुक्कामाची सोय केली तर? तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयं चातुर्मासात रिकामीच असतात. बायकांना एक हॉल, गादी, सकाळी चहा. आणि टीशर्ट गडद रंगाचे.

एसटीचीखिडकी

सोबत कोण आहे ते बघून घरचे पाठवतील. एखादी शिक्षिका मुक्कामाला थांबली तर पाठवतील. नुसता हॉल देऊन भागायचं नाही.

मंडपवाला

मी आयोजनात होतो, पडद्यामागं. शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. उशीर फक्त पाहुण्यांमुळं झाला नाही. पोलिसांना साडेआठच्या झेंडावंदनाचा बंदोबस्त लावायचा होता, निम्मे तिकडं गेले. ॲम्ब्युलन्स रात्री एका अपघाताला गेली होती, ती आल्याशिवाय सोडायचं नाही हे आम्हीच ठरवलं होतं. ते बरोबरच होतं असं अजूनही वाटतं. पाहुण्यांचं म्हणाल तर ज्यांनी टीशर्टचे पैसे दिले त्यांनाच झेंडा दाखवायचा होता. त्यांना सांगणार कोण?

पाण्याबद्दल बोला मात्र. ते आम्ही चोख ठेवलं होतं. अडीच किलोमीटरला एक आणि वळणावर एक टेबल, ओआरएससुद्धा.

पांढराकोट

@मंडपवाला, ॲम्ब्युलन्सशिवाय सोडलं नाही याबद्दल मनापासून आभार. ते फार कमी लोक करतात.

पण ओआरएसबद्दल बोलायलाच हवं. वळणावरच्या टेबलावर स्वयंसेवक पोरगा अख्खं पाकीट एका पेल्यात ओतून ढवळून देत होता. २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात ते घातलं की इतकं गोड-खारट होतं की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं, मळमळतं, ओकारी होते. वळणानंतर ओकलेल्यांपैकी काही त्या पेल्याचे असतील. एक मोठी बादली, मोजलेलं दहा लिटर पाणी, दहा पाकिटं, एवढंच करायचं. दुकानातली फळांच्या चवीची डब्बा-पेयं ओआरएस म्हणून ठेवू नका. त्यात साखर भरमसाट असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ते नाव छापायला मनाईही केली आहे. पाकिटं नसतील तर घरची साखर-मीठ : एका लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. छोटा चमचा, आणि सपाट, शीग नाही.

१० किलोमीटरला तहान लागेल तेवढंच पाणी पुरे. प्रत्येक टेबलावर ढसाढसा प्यायची गरज नाही. २१ किंवा ४२ किलोमीटर सावकाश पळणाऱ्यांनी नुसतं पाणी अती प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते उष्माघाताइतकंच वाईट.

सोळाशेमीटर

डॉक्टर म्हणजे तो पेला पिऊनच मला मळमळलं काय! मी म्हणलं उडदाच्या डाळीचं वडं.

काळीमाती

शर्यतीच्या सकाळी वडे कोण खातं रे?

सोळाशेमीटर

आज्जीनं सणाचं म्हणून केले होते. नाही कसं म्हणावं.

सायकलवाला

एक राहिलं. वीज. बालाघाटाच्या माथ्यावर आसरा म्हणून काही नाही, एखाददुसरं कडुलिंबाचं झाड आणि विजेचे खांब. परतताना गडगडत होतं तेव्हा बरेच जण झाडाखाली जाऊन उभे राहिले. तिथंच जायचं नसतं. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून व्हायच्या आत आवाज आला, तर पळणं थांबवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आयोजकांनी एक-दोन जीप रस्त्यावर फिरत्या ठेवल्या तर तोच आसरा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडत असली की कळवतं. मराठीतही चालतं. मोबाइल एका स्वयंसेवकाच्या हातात आणि थांबवायचा अधिकार त्यालाच. पाहुण्यांना विचारायला जायचं नाही.

बाकी पाऊस नडला की उकाडा, यावर मी बालाघाटींच्या बाजूनं. वीज असेल तर मात्र पावसाच्या बाजूनं कुणीच बोलू नये.

गोदाकाठ

@सायकलवाला, शंभर टक्के. परभणीकडं शेतातून घरी येताना झाडाखाली थांबलेल्या माणसांच्या बातम्या दरवर्षी वाचतो.

एसटीचीखिडकी

बूट अजून ओले आहेत. उन्हात ठेवले तर तळ सुटतो म्हणतात. काय करता तुम्ही लोक?

काळीमाती

आधी आतला तळवा काढून वेगळा वाळत घाला. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. पंख्याखाली ठेवा, चुलीजवळ नको. चिखल ओला असताना घासू नका, वाळला की आपोआप पापुद्रे निघतात. आणि ओल्या मोज्यांचे फोड आले असतील तर फोडू नका.

बालाघाटी

त्यात भर : काखेत, मांड्यांत, पुरुषांनी छातीवरही, पळायच्या आधी व्हॅसलीन लावा. ओला कपडा दहा किलोमीटर घासला की रक्त निघतं. शेवटाला तीन-चार जणांच्या पांढऱ्या टीशर्टवर लाल ठिपके होते, लोकांना वाटलं पान खाल्लंय.

मंडपवाला

मी सगळं उतरवून घेतलंय. मुक्काम आणि शिक्षिका, गडद टीशर्ट, खोलीला कडी, ओआरएसची बादली, जीप, दामिनी, आणि ट्रॅक्टरवाल्यांना आदल्या दिवशी सांगणं. हे सगळं जमतं, फार पैसेही लागत नाहीत. झेंड्याचं अवघड आहे. मी असं सुचवणार आहे की सोडायचा मान गावातल्या जुन्या पीटीच्या मास्तरांना द्यायचा आणि पाहुण्यांना बक्षिसं वाटायला ठेवायचं. फोटो तिथंच चांगले येतात. पण हे त्यांच्यासमोर बोलायला माझ्यासोबत कुणीतरी बाहेरचं पाहिजे. समितीतल्या कुणाची छाती होणार नाही.

बालाघाटी

मी येतो. डॉक्टर, तुम्हीही आलात तर बरं, तुमच्यापुढं ते वाद घालणार नाहीत.

पांढराकोट

रविवार असेल तर येते. ओपीडीच्या दिवशी जमणार नाही.

सोळाशेमीटर

मी बी येऊ का? रोख बक्षीस पाचाऐवजी दहाला करा म्हणून सांगायचंय.

मंडपवाला

ये. पण वडे खाऊन ये, तिथं नुसता चहा असतो.